दोन, टक्, पाच

आमच्या खोलीत अडीचला अडीच म्हणायची बंदी आहे. दीडला दीड म्हणायची आणि पावणेतीनला पावणेतीन म्हणायचीही. कागदावर जे असेल तेच तोंडातून बाहेर आलं पाहिजे, आणि कागदावर अडीच कुठे असतं? दोन असतो, मग टिंब असतं, मग पाच असतो. दोन आणि पाच तोंडाने म्हणायचे आणि टिंबाच्या जागी उलट्या धरलेल्या पेन्सिलीचं बूड टेबलावर आपटायचं. दोन, टक्, पाच. आबांनी मला हे पहिल्याच दिवशी शिकवलं. मी बावीस वर्षांची होते आणि मला ते सगळं फार विनोदी वाटलं होतं.

आम्ही छापखान्यात प्रुफं तपासतो. जोडीने. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या प्रुफावर नजर ठेवायची आणि कानावर पडतंय तेच डोळ्यांना दिसतंय ना ते बघायचं. लोक विचारतात, कॉम्प्युटर असताना हा काय खुळेपणा? त्यांना मी एवढंच सांगते की पंचवीस हा आकडा कॉम्प्युटरला कधीच चुकीचा वाटत नाही. अडीचच्या जागी बसला असला तरी नाही.

आबा माझे जोडीदार. बारा वर्षं मी वाचते आणि ते ऐकतात. सदुसष्ट वर्षांचे आहेत, एकदा निवृत्त होऊन घरी गेले होते, तीन महिन्यांत छापखान्याने पुन्हा बोलावून घेतलं. मला वाचता येतं असा माझा समज होता तो त्यांनी पहिल्या आठवड्यात मोडून काढला. स्वल्पविरामाला ‘स्वल्प’, पूर्णविरामाला ‘पूर्ण’, नव्या परिच्छेदाला ‘उडी’. घाई नको, नाटकीपणा नको. "तू वाचतेस तेव्हा तुझं मत मला ऐकू येता कामा नये," असं ते म्हणायचे. मी चिडायचे, ते हसायचे, आणि दुपारी स्वतःच्या डब्यातला अर्धा घास माझ्या झाकणात वाढायचे. माझ्या बापाने मला जेवढं शिकवलं नाही तेवढं या माणसाने शिकवलं. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायचा मोह कुणाला होणार नाही.

गेल्या महिन्यात मला दुसऱ्या शहरातून नोकरी आली. एक मोठी संस्था आहे, औषधांची, यंत्रांची, सगळ्या आकडेमोडीची पुस्तकं काढते. त्यांना तक्ते तपासणाऱ्या विभागाला प्रमुख हवी होती. मुलाखतीला गेले तर समोरच्या बाई म्हणाल्या, "आकड्यांमध्ये तुमचं नाव आहे." मी लाजल्यासारखं केलं. मनातून हवेत होते.

आमच्याकडे नोकरी सोडताना एक फॉर्म भरावा लागतो आणि त्यात एक ओळ असते : ‘जोडीदाराची संमती.’ जोडी मोडायची तर दोघांची सही हवी, हा छापखान्याचा जुना नियम. साहेब त्याला घटस्फोटाचा कागद म्हणतात आणि दर वेळी स्वतःच हसतात. सहीची मला काळजी नव्हती. आबा डोळे पुसतील, पाठ थोपटतील, दोन-चार सूचना करतील आणि सही करतील, हे मला ठाऊक होतं. फॉर्म भरून पर्समध्ये ठेवला आणि घरी सामान आवरायला घेतलं.

तिथे घात झाला.

माळ्यावरची खोकी नवरा उतरवत होता. त्यात त्याने जपून ठेवलेली माझी लग्नाआधीची पत्रं निघाली. आम्ही तेव्हा दोन गावांत होतो आणि मी त्याला कामाच्या वेळेत, पेन्सिलीने, हाती येईल त्या कागदावर लिहायचे. तो जमिनीवर फतकल मारून बसला आणि एकेक पत्र मोठ्याने वाचायला लागला. मी ओरडले, त्याने ऐकलं नाही.

"आणि हे बघ, हे तुझं भोकवालं पत्र," तो म्हणाला. "माझं सगळ्यात आवडतं."

"कसलं भोक?"

"असं काय करतेस! शब्दाच्या मधोमध पेन्सिल खुपसली आहेस. मला वाटलं, विरह असह्य झाला. मी मित्रांना दाखवलं होतं."

त्याने पत्र माझ्या हातात दिलं. मी ते वाचलं. त्यात असं होतं : ‘आत्ता औषधांचा तक्ता चालू आहे, लहान मुलांच्या. तोंड आकडे वाचतंय आणि हात मांडीवर तुला लिहितोय. आमचा म्हातारा दोघांच्या वाटचं ऐकतो, त्यामुळे माझं लक्ष नसलं तरी चालतं.’ त्यातल्या ‘चालतं’ या शब्दात, ल आणि त यांच्या मध्ये, पेन्सिलीचं टोक कागदाच्या आरपार गेलं होतं. वर माझ्याच अक्षरात तारीख होती.

तारीख बघायची मला गरज नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही दवाखान्यातल्या परिचारिकांसाठी एक पुस्तिका छापली. लहान मुलांना कुठलं औषध किती द्यायचं, त्याचे तक्ते. बहुतेक आकडे पूर्ण होते, पाच, दहा, पंधरा. एका पानावर, एकाच ठिकाणी, मूळ प्रतीत २.५ होते. प्रुफात टिंब नव्हतं. पुस्तिका तशीच छापली गेली आणि बारा हजार प्रती बाहेर पडल्या. नशीब असं की पहिल्याच दिवशी एका अनुभवी परिचारिकेच्या ते लक्षात आलं. "अहो, एवढं पाजलं तर मूल वाचेल का?" असा तिचा फोन आला. सगळे गठ्ठे परत मागवले गेले. कुणाला काही झालं नाही. झालं असतं, हे मात्र त्या दिवशी खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

प्रुफावर सही आबांची होती. तपासनिसाचीच असते. साहेब वरून खाली आले, दार लोटून घेतलं, आणि आबा माझ्याकडे वळले. रागाने नाही. मला त्यांचा चेहरा अजून दिसतो, ते खरंच विचारत होते.

"पोरी, त्या टिंबाला टक् केलं होतंस ना?"

मी म्हटलं, "हो आबा. केलं होतं."

नोकरी कायम व्हायला माझे दोन महिने उरले होते. पत्र पेटीत टाकायचं राहून गेलं होतं, अजून पर्समध्येच पडून होतं. आणि मी टक् केलं होतंच की! हाताला सवय झाली होती, टिंब दिसलं की हात आपटायचा. कशावर आपटला आणि आवाज झाला की नाही, याचा विचार मी त्या क्षणी केला नाही असं मी पुढे अकरा वर्षं स्वतःला सांगत आले. पण खोटं कशाला बोलू, विचार आला होता. आला आणि मी त्याला हाकलून लावलं.

"मग माझाच कान," आबा म्हणाले. साहेबांना म्हणाले, "तिने वाजवलं, मला ऐकू आलं नाही. माझी चूक."

साहेबांनी ती चूक त्यांच्या नावावर लिहून घेतली. मग आम्ही दोघं गोदामात नऊ दिवस बसलो. बारा हजार प्रती, प्रत्येकीचं तेच पान उघडायचं आणि काळ्या शाईच्या पेनाने दोन आणि पाच यांच्या मध्ये टिंब द्यायचं. दुसऱ्या कुणाला आबा हात लावू देईनात. मला म्हणाले, "तू जा गं घरी, तुझा काय दोष." मी गेले नाही. मी त्यांच्याशेजारी बसून टिंबं दिली, आणि सगळी खोली म्हणाली, पोरगी किती गुणाची. मी ते ऐकून घेतलं.

त्यानंतर आबांनी आकड्यांचं काम सोडलं. तक्ते हा त्यांचा प्राण होता, लोक त्यांना त्यासाठी दुसऱ्या छापखान्यांतून बोलवायचे. त्यांनी स्वतः साहेबांना सांगितलं की आता तक्ते या पोरीला द्या, हिचा हात आणि नजर पक्की आहे. मी गोष्टी, कविता आणि शाळेची पुस्तकं तेवढी ऐकत जाईन. तेव्हापासून सकाळी मी आबांसाठी वाचते आणि दुपारी दुसरी एक मुलगी माझ्यासाठी तक्ते वाचते. सकाळच्या मजकुरात कुठे आकडा आलाच तर आबा म्हणतात, "टक् नको. तोंडाने टिंब म्हण. मला भरवसा नाही." आणि दुपारच्या त्या तक्त्यांमुळेच आकड्यांमध्ये माझं नाव झालं. त्या नावावर मला नोकरी मिळाली.

त्या रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अडीच म्हणाली असतीस तर?" त्याला चांगलंच म्हणायचं होतं, पण मी त्याच्यावर खेकसले. त्याच्यावर खेकसणं सोपं होतं.

आबांना सांगायचं असं ठरवलं. सोमवारी त्यांना सर्दी झाली होती, तेव्हा म्हटलं, आजारी माणसाला कशाला. मंगळवारी त्यांची सर्दी बरी होती आणि ते इतके खुशीत होते की म्हटलं, खुशीतल्या माणसाला कशाला. बुधवारी मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "आबा, एक सांगायचं होतं," आणि त्यांनी मान वर केल्यावर म्हटलं, "तुमच्या चष्म्याची दोरी तुटायला आलीय." आबांनी दोरी बघितली, नवी होती. म्हणाले, "तुझे डोळे तपासून घे."

म्हणून मी लिहून काढलं. एक कच्चं लिहिलं, खाडाखोड करून, मग चांगल्या कागदावर पक्कं उतरवलं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली, तेव्हा पक्की प्रत आबांसमोर ठेवली. बेत असा की त्यांनी वाचेपर्यंत मी जिन्यात जाऊन उभी राहीन.

"हे काय?"

"वाचून बघा."

"मूळ प्रत कुठे आहे?"

मी गोंधळले. कच्चा कागद माझ्या हातातच होता, तो त्यांनी बघितला.

"बस मग," आबा म्हणाले. "तू ते वाच, मी हे बघतो. एकट्याने तपासलेलं मी तपासलेलं धरत नाही." त्यांनी पेन्सिलीचं टोक बघितलं, कागद सरळ केला आणि पहिली ओळ पाहून भुवया उंचावल्या. "मला लिहिलंयस? मग तर नीटच तपासलं पाहिजे."

पळायला जागा नव्हती. मी बसले. बारा वर्षं ज्या खुर्चीत बसले त्याच खुर्चीत.

"आदरणीय आबा स्वल्प," मी सुरू केलं. "मी आपल्या हाताखाली बारा वर्षे काम केले पूर्ण. आपण मला घडवलेत पूर्ण. या काळात माझ्याकडून अनवधानाने काही चुका झाल्या असतील स्वल्प..."

"थांब. काही म्हणजे किती?"

"एक."

"मग एक लिही की. आणि ‘असतील’ कशाला? झाली आहे की नाही?"

"झाली आहे."

त्यांनी खूण केली. त्यांना मजा येत होती. पोरीने निरोपाचं पत्र लिहिलंय, आणि त्यात नेहमीची नम्रतेची भर घातलीय, असं त्यांना वाटत असणार. "आता हे बघ. ‘माझ्याकडून चूक झाली.’ अशी कशी झाली? चूक म्हणजे काय सर्दी आहे, आपोआप व्हायला? तू केलीस ना?"

"हो."

"मग ‘मी चूक केली’ लिही. चार अक्षरं वाचतात आणि अर्थ लागतो. ‘अनवधानाने’ बरोबर आहे का? लक्ष नव्हतं?"

"लक्ष दुसरीकडे होतं."

"मग तेही काढ. जिकडे होतं ते लिही."

"पुढे लिहिलंय."

"मग पुढे वाच."

मी वाचलं, "अकरा वर्षांपूर्वी लहान मुलांच्या औषधांच्या तक्त्यात दोन," आणि तिथे टिंब होतं. तोंडाने टिंब म्हणायचं होतं. माझ्या हाताने पेन्सिल उलटी केली आणि टेबलावर आपटली. "पाच."

आबांनी मान वर केली. खोलीत आम्ही दोघंच होतो, खाली यंत्रंही जेवणासाठी बंद होती.

"ऐकू आलं," ते म्हणाले, जरा नवलाने.

मी कागदावरून नजर काढली नाही. वाचत गेले, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "...च्या जागी पंचवीस छापले गेले पूर्ण. त्या वेळी मी मांडीवर पत्र लिहीत होते पूर्ण. टिंबाला मी पेन्सिल आपटली ती त्या पत्रावर पूर्ण. आवाज झालाच नाही पूर्ण. आपण विचारलेत तेव्हा मी हो म्हणाले स्वल्प, ते खोटे होते पूर्ण."

‘छापले गेले’ त्यांनी सुधारलं नाही. त्यांची पेन्सिल कागदाच्या वर तशीच राहिली होती.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"‘आवाज’पासून पुन्हा."

"आवाज झालाच नाही पूर्ण."

"पुन्हा."

मी ते वाक्य चार वेळा वाचलं. चौथ्या वेळी मला धड वाचता आलं नाही. मग पर्समधून ते जुनं पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं. ते नवऱ्याला लिहिलेलं होतं, त्यात काय काय होतं, कशाचीच लाज धरायला आता अर्थ नव्हता. आबांनी चष्मा सारखा केला, वाचलं, आणि त्या भोकावरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग कागद उलटा करून मागून बघितलं.

"म्हातारा," ते म्हणाले. "छप्पन्न वर्षांचा होतो गं मी तेव्हा."

"आबा..."

"म्हणजे मला ऐकू येत होतं."

"हो."

"कान बरोबर होता."

"हो आबा. कान बरोबर होता."

मी शिव्यांची तयारी करून आले होते. ते रागावतील, उठून जातील, साहेबांना बोलावतील, हे सगळं मनात घोकून ठेवलं होतं. आबांच्या चेहऱ्यावर हसू येईल हे मात्र नव्हतं ठेवलं. आधी ओठ हलले, मग गाल, मग ते पोर निकाल ऐकून हसतं तसे हसले. त्यांचा आनंद बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसाला इतकं बरं वाटावं अशी काय गोष्ट मी अकरा वर्षं दाबून ठेवली होती, ते मला तेव्हा कळलं.

"तुझ्या काकूला मी सांगून ठेवलंय, माझ्याशी मोठ्याने बोलत जा," ते म्हणाले. "अकरा वर्षं ती बाई ओरडतेय. शेजाऱ्यांना वाटतं आमचं रोज भांडण होतं." ते पुन्हा हसले. "कानाचा डॉक्टर म्हणाला होता, तुम्हाला काहीही झालेलं नाही. मी त्याला म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. त्याच्याकडे पुन्हा गेलोच नाही."

मग हळूहळू ते हसणं थांबलं. ते खिडकीकडे बघत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, कारण दुसरीकडे बघायचा मला अधिकार नव्हता.

"नात झाली तेव्हा," ते म्हणाले, "सूनबाई कामाला जायची. पोरगी दिवसभर आमच्याकडे. लहान मुलांना सारखं काहीतरी होतंच, ताप, खोकला. बाटली हातात घेतली की माझा हात थांबायचा. डॉक्टर काय म्हणाले? एक चमचा की अर्धा? मी नीट ऐकलं असेल का? मी बाटली काकूच्या हातात द्यायचो आणि बाहेर जाऊन उभा राहायचो. पोरगी रडायची, आजोबा तुम्ही द्या, आजीचं कडू लागतं. मी काही दिलं नाही कधी. एकदाही नाही."

"आबा, आता..."

"आता नऊ वर्षांची आहे. गोळ्या घेते. स्वतःच्या हाताने घेते."

माझे डोळे भरून आले होते आणि ते मी पुसले नाहीत, कारण पुसले असते तर त्यांनी माझी समजूत घातली असती. तेवढं तरी त्यांच्याकडून घ्यायचं नाही, एवढी अक्कल मला उरली होती.

"अजून उरलंय ना?" त्यांनी कागदाकडे बोट दाखवलं. "वाच."

"राहू दे आबा."

"अर्धवट तपासलेलं मी हातावेगळं करत नाही. वाच."

मी कागद डोळ्यांपुढे धरला. "तरी आपण मला क्षमा करावी आणि नव्या नोकरीवर जाण्याची परवानगी द्यावी पूर्ण."

आबांनी बराच वेळ त्या ओळीवर पेन्सिल ठेवली. "हे एक वाक्य नाही," ते म्हणाले. "दोन आहेत. मधलं ‘आणि’ काढ. दोन गोष्टी एका दमात मागू नयेत, पहिलीच्या आधाराने दुसरी निसटून जाते." त्यांनी ‘आणि’ खोडलं, तिथे पूर्णविराम दिला. "फॉर्म आणलायस?"

मी पर्समधून फॉर्म काढून दिला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, माझ्या पत्त्यात एक आकडा उलटा पडला होता तो सुधारला, आणि ‘जोडीदाराची संमती’ या ओळीवर सही केली. त्यांची नेहमीची, सावकाश, शेवटी रेघ ओढलेली सही.

"परवानगी दिली," ते म्हणाले. "तिथे नीट काम कर. तू चांगलं काम करतेस. ते खोटं नाही."

"आणि दुसरं?"

विचारून गेले आणि जीभ चावली. आबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी सुटले असते.

"पहिलं गं ते," ते म्हणाले. "तू ते पहिलं लिहिलंयस. त्याचं उत्तर माझ्याकडे आज नाही. देईन म्हटलं तर तेही एक खोटंच होईल, आणि आपल्या दोघांत एक झालंय तेवढं पुष्कळ आहे. काय?"

"हो आबा."

"खाली एक ओळ राहिली."

खाली माझं नाव होतं आणि नावाच्या वर, पत्राला लिहितात तसं, हात आपोआप लिहितो तसं, मी लिहिलेले दोन शब्द होते. कच्च्यात होते, तसेच पक्क्यात. लिहिताना ते माझ्या लक्षातही आले नव्हते.

"आपली," मी वाचलं.

आबा थांबले. त्यांच्या कागदावर पुढचा शब्द होता आणि तो माझ्या तोंडून यायची ते वाट बघत होते. बारा वर्षांत मी एक शब्द गाळलेला त्यांनी कधी चालवून घेतला नव्हता.

"पुढे एक शब्द आहे," ते हळू म्हणाले.

"माहितेय."

"वाच मग."

"मला तो वाचवत नाही. काढून टाका."

"मी नाही काढणार. ज्याने लिहिलं त्याने काढायचं असतं." त्यांनी पक्की प्रत माझ्याकडे सरकवली आणि स्वतःची पेन्सिल माझ्या हातात दिली. बाहेर जिन्यात लोकांची पावलं वाजायला लागली होती, सुट्टी संपत आली होती. मी ‘विश्वासू’वर आडवी रेघ मारली. रेघ वाकडी आली, म्हणून दुसरी मारली.

आबांनी कागद परत घेतला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ती एकदा मनाशी वाचली.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले, आणि कागद घडी करून मला देऊन टाकला.